निळ्या बाटल्यांखालची हजेरी

“थांब,” बाई म्हणायच्या आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायच्या. मग हातात भाजीची पिशवी असो, तोंडात घास असो, आपणही जागच्या जागी थांबायचं. मान जराशी कलती करून त्या खिडकीबाहेरच्या झाडाकडे कान लावायच्या. झाडावर निळ्या बाटल्या टांगलेल्या होत्या. नुसता वारा असला तर त्या एकेक करून वाजत, आधी टोकाची, मग तिच्या शेजारची. जमीन हलणार असली तर सगळ्या एकदम. “वारा आहे,” म्हणून बाईंनी बोट खाली घेतलं की माझा जीव भांड्यात पडायचा. बोट वरच राहिलं की मी सईला टेबलाखाली ढकलायची आणि तिच्या मागोमाग स्वतः शिरायची.

मी मुळातच घाबरट. पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनलाही घाबरते. अशा बाईनं जपानात संसार थाटावा, ही देवानं केलेली थट्टाच म्हणायची. नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तोक्योत नोकरी मिळाली आणि आम्ही हिगाशी-कसाईत राहायला आलो. आमची लेक सई तेव्हा तीन वर्षांची होती. आजूबाजूला आपल्याकडची इतकी घरं, की संध्याकाळी जिन्यातून फोडणीचा वास यायचा. तरी दिवसभर मी भिंतींशीच बोलायची. शेवटी स्टेशनजवळच्या लहान मुलांच्या इंग्रजी वर्गात बाइतो धरला. बाइतो म्हणजे अर्धवेळ काम. मुलांचे बूट रांगेत लावायचे, नाकं पुसायची आणि शिकवणाऱ्या बाईंना लागेल ते हातात द्यायचं.

त्या शिकवणाऱ्या म्हणजे या बाई. साठीच्या आसपासच्या, उंच, भक्कम, काळ्या अमेरिकन. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, “ये, बेबी, बस.” मी पस्तीस वर्षांची, एका मुलीची आई, आणि मला कुणी बेबी म्हणतंय! नंतर कळलं की त्या पोस्टमनलाही बेबीच म्हणत. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण मनातल्या मनात मी त्यांना कायम अहो-जाहोच केलं.

त्या आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर राहत हे मला आठवडाभरानं समजलं. आता खोटं कशाला बोलू? मी त्यांना त्याआधी दोन-तीनदा जिन्यात पाहिलं होतं आणि नजर चुकवून पुढे गेले होते. आपल्या बायकांत त्यांच्याबद्दल जे काही बोललं जायचं, ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला अंदाज येईलच. माझ्या आईनंही स्काइपवर विचारलं होतं, “सईला त्यांच्याकडे एकटी ठेवतेस?” गंमत म्हणजे आगगाडीत बाईंच्या शेजारची जागा जशी रिकामी राहायची, तशीच माझ्याही शेजारची राहायची. एकदा आम्ही दोघी एकत्र निघालो, तर गर्दीच्या डब्यात आमच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा मोकळी. बाईंनी एका जागेवर आपली पिशवी ठेवली, दुसरीवर माझी. “पिशव्यांची सोय झाली,” म्हणाल्या.

त्या मूळच्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, जॉर्जियातल्या एका समुद्राकाठच्या शहरातल्या. माझ्यासारख्याच नवऱ्याच्या नोकरीमागून जपानात आल्या. नवरा वारला आणि त्या राहून गेल्या. त्यांच्या घरात दार अडवायला एक करड्या रंगाची वीट होती. एकदा ती उचलून त्यांनी सईच्या हातात दिली आणि तिची बोटं विटेवरच्या चार खळग्यांत बसवली. बरोबर बसली. “ही ओली असताना कुणीतरी उलटी केली होती,” बाई म्हणाल्या. “तुझ्याएवढंच कुणीतरी. आमच्या लोकांना तेव्हा मालक होते, आणि विटा उलट्या करायला पोरांनाच लावायचे.” त्यांच्या पणजोबांचा जन्म त्या गुलामीतला. सुटल्यावर ते गवंडी झाले आणि अशाच विटा वापरून त्यांनी आपल्या गल्लीतली निम्मी घरं बांधली. सईनं हात काढून घेतला आणि फ्रॉकला पुसला. मग परत ठेवला.

आणि त्या बाटल्या. तळमजल्यावरच्या घरांपुढे मातीची एक अरुंद पट्टी होती. बाईंच्या पट्टीत आपल्या तामणाची धाकटी बहीण शोभेल असं झाड होतं, तसलीच चुरगळल्यासारखी गुलाबी फुलं. बाईंच्या गल्लीत याच झाडाच्या फांद्या छाटून टोकांवर निळ्या बाटल्या खोचत. इमारतीच्या नियमात फांद्या छाटणं बसत नव्हतं, म्हणून इथे त्या साके या जपानी दारूच्या रिकाम्या निळ्या बाटल्या सुतळीनं टांगत. वाईट आत्मे निळ्या रंगाला भुलून बाटलीत शिरतात आणि सकाळचं ऊन त्यांना जाळतं, असं त्यांची आजी सांगायची. “तुम्ही हे खरं मानता?” मी विचारलं. “तुझ्या दारावर त्या वाळक्या मिरच्या कशाला आहेत, बेबी?” त्यांनी विचारलं.

आमच्या वरच्या मजल्यावर मोरिता-सान राहत. निवृत्त, एकटे, आणि इमारतीतल्या कचऱ्याच्या वर्गीकरणाचे स्वयंघोषित प्रमुख. बाटल्या गुरुवारी पिवळ्या क्रेटमध्ये जायला हव्यात आणि झाडावर नकोत, हे त्यांनी बाईंना तीनदा वाकून नमस्कार करत सांगितलं होतं. बाईंनीही तीनदा वाकून आभार मानले होते आणि बाटल्या तिथेच राहिल्या होत्या.

मग तो मार्च आला. शुक्रवारची दुपार, वर्गात अकरा मुलं, त्यांत सईही. सुरुवातीला मला वाटलं, मलाच चक्कर येतेय. मग कपाट चालायला लागलं. मुलं टेबलांखाली गेली, बाई दाराच्या चौकटीत पाय रोवून उभ्या राहिल्या, दार अडकू नये म्हणून त्यांनी ते पाठीनं धरून ठेवलं आणि एकेका मुलाचं नाव घ्यायला लागल्या. ओरडून नव्हे, वर्गात हजेरी घेतात त्याच आवाजात. टेबलांखालून एकेक रडका “हाई”, म्हणजे जपानी “हो”, येत होता. तेवढं एक काम मिळाल्यावर मुलं किंचाळायची थांबली. मग त्यांनी माझं नाव घेतलं. “माऽधवी!” माझ्या तोंडून आवाजच फुटेना. त्यांनी पुन्हा घेतलं. “आहे,” मी म्हणाले. कुठलं इंग्रजी आणि कुठलं काय! हा शब्द बाईंनी तेव्हापासून पाठ केला.

त्या संध्याकाळी गाड्या बंद, फोन बंद. नितीन ऑफिसातून चालत निघाला होता, पण हे मला कळायला मार्ग नव्हता. दर थोड्या वेळानं जमीन हलायची. अशात खाली झाडाजवळून हाक आली. बाई तिथे उभ्या राहून आमच्या जिन्यावरच्या प्रत्येक घराची नावं घेत होत्या. त्यांच्या गल्लीत समुद्राचं वादळ येऊन गेलं, की त्यांची आजी ओसरीवर उभी राहून अशीच घरागणिक हजेरी घ्यायची. ज्याचं उत्तर येणार नाही, त्याच्या दारापर्यंत लोक जायचे. आता जपानात असं मोठ्यानं ओरडायची पद्धत नाही. मोरिता-सानांचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा वर बराच वेळ शांतता होती. मग अगदी खालच्या पट्टीत “हाई” ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून ते डोक्यावर हेल्मेट घालून हाकेच्या आधीच बाल्कनीत येऊन उभे राहायचे. “सगळे आहेत ना?” शेवटी बाई विचारायच्या, आणि सगळे नुसतं “हो” म्हणायचे.

नितीन रात्री सुखरूप पोचला, पण माझी भीती काही उतरली नाही. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना वेगळं सांगायला नको. दुकानात पाव नाही, बॅटऱ्या नाहीत. टीव्हीवर किरणोत्सर्ग सुटलेल्या त्या अणुभट्टीचं चित्र. नळाचं पाणी लहान मुलांना देऊ नका अशी सूचना आली तेव्हा मी हातातला पेला सिंकमध्ये ओतला आणि हात धुवायला परत तोच नळ सोडला, इतकी माझी मती गुंग झाली होती. आपल्याकडची माणसं बॅगा भरून विमानतळाकडे चालली होती. संध्याकाळी समोरच्या इमारतीत दिवे मोजले की आदल्या दिवसापेक्षा कमीच असायचे. आई फोनवर रडायची. बाईंना मी विचारलं, “तुम्ही नाही जाणार?” त्या सुतळीची एक गाठ आवळत होत्या. “मग हजेरी कोण घेईल?” म्हणाल्या. “तू आहेस ना, बेबी?”

“आहे,” मी म्हणाले. खिशात तेव्हा दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं.

होय, मी पळाले. सईला घेऊन पहाटे निघाले, झाडाच्या बाजूनं न जाता मागच्या सायकलींच्या वाटेनं. निरोप घ्यायला तोंड नव्हतं. नितीनला ऑफिसमुळे थांबावं लागलं. पुण्याला आईच्या घरी पोचल्यावर दोन दिवस मी फॅन हलताना दिसला तरी पलंगाला घट्ट धरायची. बाईंचा विचार मनात आला की टीव्ही लावायची.

इकडे काय झालं, ते मला नंतर कळलं. मी गेले त्याच संध्याकाळी हादरा बसला. खालून हाक आली, “माऽधवी!” नितीन बाल्कनीत गेला. “गेली” असं त्याला सांगवेना. बायकोची लाज झाकायला म्हणा, की स्वतःची, तो म्हणाला, “आहे! दोघी आहेत. ती झोपलीये, बरं वाटत नाही तिला.” एकदा बोलला आणि अडकला. वर्ग बंदच होता, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाराशी चवळी-भाताचं पातेलं. बाईंकडे त्यात डुकराचं मांस घालतात, पण मी खात नाही म्हणून मुद्दाम नुसत्या चवळीचं केलेलं. ज्या दिवसांत दुकानात तांदूळ मिळत नव्हता त्या दिवसांत ही बाई माझ्या आजारपणासाठी आपला तांदूळ शिजवत होती. नितीननं ते खाल्लं, पातेलं घासून परत ठेवलं. असे तीन आठवडे गेले. रोज हाक, रोज “आहे, झोपलीये,” आणि एक दिवसाआड पातेलं.

एप्रिलमध्ये मी परतले. विमानतळाच्या बसमधून उतरून बॅग ओढत येत होते, तर बाई झाडाखाली झाडत होत्या. मी थबकले. सईला त्याचं काय! वर्गातल्या मुलांसारखी बाईंना हाक मारत ओरडली, “सेन्सेई! आम्ही आजीकडे गेलो होतो! विमानात मला दोनदा ज्यूस मिळाला!” बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, मग मान वर करून बाल्कनीकडे पाहिलं. तिथे नितीन उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “घरी आलीस, बरं झालं, बेबी,” त्या म्हणाल्या आणि झाडू घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी चांगलाच हादरा बसला. सगळ्या बाटल्या एकदम वाजल्या. मी टेबलाखाली बसून हाकेची वाट पाहत होते. हाक आलीच नाही. वर मोरिता-सानांचं दार वाजलं, म्हणजे तेही बाहेर येऊन उभे होते. खरं सांगते, हादऱ्यापेक्षा मला त्या शांततेची भीती वाटली. मी चपला न घालता खाली गेले. बाई दारातल्या पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. त्या घाबरलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

मी “चुकलं माझं” म्हणाले. त्यांनी मला बाजूला बसायची खूण केली आणि बोलायला लागल्या.

“मी नऊ वर्षांची होते. मोठं वादळ आलं. आजीनं हजेरी घेतली. शेजारी माझे काका राहायचे. काका आपली होडी बघायला गेले होते. आजी रागावेल म्हणून काकू आतून ओरडली, ‘आहेत, झोपलेत!’ म्हणून कुणी शोधायलाच गेलं नाही. दोन दिवसांनी पाणी उतरलं, तेव्हा सापडले. त्या दिवसापासून आमच्या गल्लीचा नियम आहे. दुसऱ्याच्या नावाला ‘आहे’ म्हणायचं नाही. गेला असेल तर गेला म्हणा. माहीत नसेल तर गप्प राहा. गप्प राहिलात तर निदान कुणीतरी दारापर्यंत येईल.”

मला रडू फुटलं. बाईंनी माझा हात हातात घेतला.

“तू पळालीस त्याचं मला काही नाही, बेबी. लेकरू घेऊन माणूस पळतंच. पण ही इमारत पडली असती, तर मी तुला शोधत तिथे खणत बसले असते. रिकाम्या घरात.”

संध्याकाळी नितीन स्वतः खाली गेला. पातेलं हातात, जपानी पद्धतीनं कमरेतून वाकलेला. बाईंनी त्याला तसाच वाकलेला राहू दिला. मग विचारलं, “चवळी आवडली?” “खूप,” तो खालच्या मानेनंच म्हणाला. “तीन आठवडे मीठ जास्त पडत होतं. आजारी माणसाला लागतं म्हणून घालत होते.” “मला वाटलं, तुमच्याकडे तसंच करतात,” नितीन म्हणाला. तेव्हा त्या हसल्या, आणि आमच्या घरात श्वास चालू झाला.

एकदा भीती दाखवल्यावर बाईंनी मला त्यांची दुसरी भीतीही दाखवली. दर रविवारी सकाळी त्या आईला फोन करायच्या. आई नव्वदीची, त्याच गल्लीतल्या पणजोबांच्या घरात एकटी. फोनवर माय-लेकी काय बोलायच्या? गल्लीची हजेरी! आई एका टोकापासून सुरू करायची आणि बाई इकडे कागदावर लिहून घ्यायच्या. पूर्वी दोन पानं भरायची, म्हणे. मी पाहत होते तेव्हा एक पान पुरे पडायचं आणि मग अर्धं. शहर मोठं होत चाललं होतं. बिल्डरांची पत्रं यायची, कर वाढला होता, म्हातारी माणसं घरं विकून लांबच्या वस्तीत मुलांकडे जात होती. पाटी तीच ठेवून न्हाव्याच्या दुकानाचं कॉफीचं दुकान झालं होतं, कारण नव्या लोकांना ती जुनी पाटी आवडायची. त्याच नव्या लोकांनी रविवारच्या प्रार्थनेतल्या गाण्यांचा त्रास होतो म्हणून तक्रार केली होती. ज्या चर्चमध्ये बाईंची आजी गायची, त्याच चर्चमधली गाणी. पूर्वी तिथून चालत जाणाऱ्याला दर ओसरीवरून कुणीतरी हटकायचं, जेवलास का विचारायचं. आता ओसऱ्यांवर कॅमेरे होते.

“इथे घर पडलं तरी जागा कुणाची ते लोकांना ठाऊक असतं,” बाई एकदा म्हणाल्या. “तिकडे घर उभंच आहे, पण आईनं हाक मारली तर दार उघडणाऱ्याला तिचं नाव माहीत नाही.” भूकंपात कधी न कापणारा त्यांचा आवाज हे बोलताना कापत होता.

तीन वर्षांनी बाईंची आई गेली. धाकट्या भावाला घर विकायचं होतं. तोही साठीला टेकलेला आणि पत्रांना कंटाळलेला. बाईंनी आठवडाभरात निर्णय घेतला. “त्या घरातून कुणीतरी ‘आहे’ म्हणायला हवं,” म्हणाल्या. तीस वर्षांचा संसार दोन बॅगांत भरला. बाटल्या माझ्या ताब्यात दिल्या, सुतळीची गाठ कशी मारायची ते शिकवलं. वीट मात्र कपड्यांत गुंडाळून नेली. विमानतळावर तपासणारा माणूस ती वीट उलटीपालटी करून पाहत होता आणि बाई त्याला म्हणत होत्या, “सांभाळून, बेबी.”

त्या गेल्यानंतर पहिला हादरा बसला तेव्हा मी टेबलाखालून निघून झाडाखाली गेले. आवाज चिरकत होता, पण हजेरी घेतली. सवयीनं बाईंचंही नाव घेतलं. सईनं विचार करून उत्तर दिलं, “जॉर्जियाला गेल्या.” नियमात बसत होतं. मग दर वेळी तेच चालू झालं. मी नाव घ्यायची, सई “जॉर्जियाला गेल्या” म्हणायची, आणि वरून मोरिता-सान गंभीरपणे मान हलवायचे.

दोन वर्षांनी बाईंच्या किनाऱ्यावर मोठं वादळ आलं. टीव्हीवर पाण्यात उभी असलेली घरं पाहून मी फोन लावत राहिले. चार दिवस फोन लागला नाही. पाचव्या दिवशी सकाळी नऊला लागला. तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. भावानं उचलला. “ती बरी आहे,” म्हणाला. “झोपलीये.”

मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत केला. “झोपलीये.” बाई आठ वाजता झोपणाऱ्यातल्या नव्हत्या. दमल्या असतील, म्हटलं. तिसऱ्या दिवशी, “जरा बरं नाही, झोपलीये.” मी फोन ठेवला आणि नितीनकडे पाहिलं. तो डबा भरत होता. त्याचा हात थांबला होता.

चौथ्या दिवशी फोन करायला मला दुपार झाली, तेव्हा तिकडे मध्यरात्र असणार हेसुद्धा लक्षात राहिलं नाही. भावानं लगेच उचलला. मी विचारलं, “बाई आहेत?” तो “झोप...” म्हणाला आणि मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला घाबरणारी मी म्हणाले, “तुमच्या गल्लीचा नियम आहे. दुसऱ्याच्या नावाला ‘आहे’ म्हणायचं नाही.”

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “ती वादळाच्याच दिवशी गेली. आमच्या गल्लीत सरकारी माणसं निघा म्हणून सांगून गेली होती, ही निघाली नाही. पाणी चढत होतं तरी ओसरीवर उभी राहून नावं घेत होती, हृदय बंद पडलं. नव्या लोकांतल्या एका मुलीनं तिचा आवाज थांबलेला ऐकला, तीच दारापर्यंत आली.” मग म्हणाला, “तू विचारायचीस आणि मी झोपलीये म्हणायचो, तेवढा वेळ ती आत झोपलेलीच असायची. माफ कर.”

माफ काय करायचं? मी त्याला नितीनची गोष्ट सांगितली. पातेल्याचं सांगितलं तेव्हा तो रडता रडता हसला.

तुमच्या लक्षात आलं असेल, बाईंचं नाव मी इथे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि तेवढा धीर मला अजून नाही.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी भाजी टाकत असताना सगळ्या बाटल्या एकदम वाजल्या. इमारत करकरली. मी गॅस बंद केला, सईला घेऊन खाली गेले. मोरिता-सान, हेल्मेट आणि “हाई.” नितीन आताच आलेला, “आहे.” मग मी बाईंचं नाव घेतलं. सईनं सवयीनं तोंड उघडलं आणि मी तिचा हात दाबला. तीही आता दहा वर्षांची होती, तिला कळलं. आम्ही कुणीच काही बोललो नाही. मोरिता-सानांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं.

उत्तर आलं नाही तर दारापर्यंत जायचं, असा नियम आहे. बाईंचं दार सहा पावलांवर होतं. तिथे आता पुण्याहून आलेलं एक नवीन जोडपं राहत होतं. माझी त्यांची ओळख नव्हती. खरं सांगायचं तर मी ती करून घेतली नव्हती. मी बेल वाजवली. आतून काही पडल्याचा आवाज आला. दार उघडलं तर पंचविशीतली पोर, केसांत धूळ, टेबलाखालून आलेली. चौकट सोडायला तिचा हात तयार नव्हता.

“सगळे आहेत ना?” मी विचारलं.

“हो, हो, आहेत,” ती घाईघाईनं म्हणाली. मग तिनं हातातल्या फोनकडे पाहिलं. “म्हणजे... हे ऑफिसातून निघालेत. फोन लागत नाहीये, काकू.”

“मग तसंच सांग,” मी म्हणाले. “लागत नाहीये, असं सांग.”

मी तिला पायरीवर बसवलं, सईला पाणी आणायला पाठवलं आणि तिचं नाव विचारून घेतलं. माझेही हात मी गुडघ्यांत दाबून धरले. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. बाटल्या अजून वाजत होत्या.